मुकादमाचं ‘जा’

मुकादम ‘जा’ म्हणाल्याशिवाय त्या घरातलं कुणी रूळ ओलांडत नसे. मुलगा नाही, सून नाही आणि तांबडी गाय तर नाहीच. म्हाताऱ्याची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी गाव त्याला मुकादमच म्हणायचं. रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत तो पोरसवदा असताना शिरला आणि त्या टोळीचा म्होरक्या होऊन बाहेर पडला. नोकरी सुटली, पण रुळाचा नाद काही सुटला नाही.

घर रुळाच्या अलीकडे होतं आणि शेत पलीकडे. मधून रेल्वे गेलेली. ती जमीन मधोमध कापून गेली तेव्हा घरातलं आज हयात असलेलं कुणीही जन्माला आलेलं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण एकच होती. घरासमोरच लाइन एका टेकाडाला वळसा घालून यायची, आणि गाडी अगदी अंगावर येईपर्यंत दिसायची नाही. म्हणून मुकादम आधी पुढे व्हायचा, खडीवर उकिडवा बसायचा, उजवा तळवा रुळाच्या माथ्यावर टेकवायचा आणि डावा हात वर धरायचा. मागून कुणी “जाऊ का?” असं विचारायचं, पण तो हात वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग हात खाली यायचा आणि तो म्हणायचा, “जा.”

सुनेच्या सासूला, म्हणजे मुकादमाच्या बायकोला, तो शब्द कधी आवडला नाही. निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणतं का, ये म्हणावं, असं ती हयात होती तोवर रोज बडबडायची. म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं. “उंबऱ्यावर ये म्हणेन. रुळावर ये म्हटलं तर माणूस मागे वळून बघेल. रुळावर मागे बघायचं नसतं.” सासू गेली, पण सुनेला तो वाद तोंडपाठ होता. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिला त्याने रुळाकाठी उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, की घरात कुणाचं ऐकायचं ते तू ठरव, इथे माझं ऐकायचं. तिने ऐकलं. डोक्यावर पाटी, कमरेला मळका पदर आणि हातात गाईचं दावं घेऊन ती इतकी वर्षं त्या एका शब्दावर बिनघोर चालत आली होती.

मग लाइनीचं काम निघालं.

लांबच्या शहरांना जोडणाऱ्या नव्या वेगवान गाड्या याच मार्गावरून जाणार होत्या, आणि जुन्या रुळांना तो वेग झेपणारा नव्हता. आधी मोठाली यंत्रं आली. त्यांनी जुनी खडी उपसून नवी ओतली. लाकडी स्लीपर उचलून काँक्रीटचे टाकले, त्यांच्यावर रबराच्या पट्ट्या आणि त्यावर नवे, लांबच लांब रूळ. पूर्वी दोन रुळांच्या मध्ये बोटभर फट असायची, तिथून चाक गेलं की खट् वाजायचं. आता सांधे वितळवून एकजीव केले. टेकाडाच्या वळणावर रूळ एका अंगाला उचलून घेतला, म्हणजे गाडीला वेग कमी करावा लागू नये. मुकादम दिवसभर ओट्यावर बसून हे पाहायचा. कुणी विचारलं नाही तरी काम चांगलं चाललंय असं सांगायचा, आणि खरंच त्याला ते चांगलं वाटत होतं.

सुनेचा नवरा त्याच कामावर होता. ठेकेदाराच्या टोळीत, रोजंदारीवर. रूळ झाल्यावर टोळीकडे कुंपणाचं काम आलं. लाइनीच्या दोन्ही बाजूंनी माणसाच्या उंचीहून उंच लोखंडी जाळी उभी राहत चालली, आणि पलीकडे जायला स्टेशनाच्या अंगाला एक भुयारी रस्ता झाला. रस्ता चांगला होता, पण वळसा असा की गाय घेऊन जायचं तर सकाळ तिथेच संपायची. पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन यायचं तर विचारायलाच नको. आणि बटाटे जमिनीत तयार होऊन बसले होते. त्यांच्यावरच पुढचं वर्ष निघायचं होतं.

पलीकडच्या बाजूची जाळी अजून लांब होती. अलीकडची घराच्या अगदी जवळ येऊन ठेपली त्या संध्याकाळी मुकादमाने जेवता जेवता विषय काढला. समोरची एक जाळी तेवढी सैल ठेव, म्हणाला, बटाटे निघेपर्यंत. मुलाने घास तसाच हातात धरला.

“आबा, ते तपासतात.”

“बोल्ट लाव. नुसते हाताने फिरव. पाना लावू नको. दिसायला सगळं जागच्या जागी.”

मुलगा बायकोकडे पाहू लागला. ती म्हणाली असती की नको, तर कदाचित तिथेच थांबलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे भुयारी रस्त्याचा चढ होता आणि पाठीवरचं पोतं होतं. ती वाढण्यात गुंतली आहे असं दाखवत राहिली. दोन दिवसांनी घरासमोरची जाळी उभी राहिली, आणि तिचे बोल्ट म्हाताऱ्याच्या चिमटीत फिरतील इतके सैल होते.

त्याच आठवड्यात इंजिनिअर साहेब घरोघर सांगत आले. तरुण होते, बोलायला मऊ होते. ओट्यावर टेकून त्यांनी पाणी मागून घेतलं आणि नवी गाडी आता चाचणीसाठी धावायला लागेल, तिची वेळ ठरलेली नसेल, कुणीही रुळाकडे फिरकू नये, असं समजावलं. लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू सांगितलं. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाडी रुळावरूनच येणार ना?”

“हो, रुळावरूनच.”

“मग कळेल.”

साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. सुनेला मात्र त्या उत्तराचा अभिमान वाटला. साहेब गेल्यावर तिने तो किस्सा शेजारणीला रंगवून सांगितलासुद्धा.

काढणी सुरू झाली. रोज सकाळी म्हातारा पुढे जाऊन बोल्ट काढायचा, जाळी बाजूला सरकवायचा. जाळी जड होती. तो धापा टाकायचा, पण तिला हात लावू द्यायचा नाही. मग खडीवर बसून तळवा टेकवायचा. पूर्वी हे सगळं क्षणात व्हायचं. आता तो बराच वेळ बसून राहायचा. कधी उजवा हात काढून डावा टेकवायचा, कधी कान लावायचा, जो कान कधीच अधू झाला होता. ती गाईजवळ उभी राहून पाहायची.

“काय म्हणतोय?” एकदा तिने विचारलं.

“नवा आहे. लाजतोय जरा,” तो म्हणाला. “बोलेल.”

ती हसली. पण त्या दिवसापासून ती रोज सकाळी दावं हाताला घट्ट वेढून धरू लागली. एकदा तर हात पुरता टेकायच्या आधीच तो जा म्हणाला असं तिला वाटलं. नवऱ्याला सांगावं असं मनात आलं, पण सांगणार काय? म्हाताऱ्याच्या शब्दावर तिच्या नवऱ्याचं लहानपण गेलं होतं, तिचं सगळं सासुरवाशीण असणं गेलं होतं. आबांना आता विचारू नये असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आता थोडेच वाफे राहिलेत, तेवढे निघाले की झालं, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली.

त्या सकाळी धुकं होतं. टेकाड दिसतच नव्हतं. सुनेच्या कमरेवर पाटी, पाटीत भाकरीचं फडकं आणि कुदळ, दुसऱ्या हाताला दाव्याचे दोन वेढे. तांबडीला पलीकडच्या बांधावर चरायला बांधायचं होतं. म्हातारा उकिडवा बसला. तळवा टेकवला, हात वर धरला. धुक्याचे थेंब त्याच्या टोपीच्या काठावर जमले होते. तो समोर बघत होता आणि त्याचे ओठ किंचित हलत होते, मनाशी काही मोजतोय असे. मग हात खाली आला.

“जा.”

ती निघाली. पहिला रूळ ओलांडला, दुसरा ओलांडला. मागे दावं ताणलं गेलं. तांबडी दोन रुळांच्या मध्ये थांबली होती. सुनेने दावं ओढलं, तिला दामटलं, पण गाय पुढचे पाय रोवून उभी, मान वर, दोन्ही कान टेकाडाकडे. अंगात आलंय हिच्या, असं म्हणत तिने पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दावं धरलं. आवाज असा आलाच नाही. आधी वारा आला. धुकं एका बाजूने फाटलं, आणि पुढच्या क्षणी तळहाताची कातडी सोलून दावं निघून गेलं. ती मागे फेकली गेली आणि खडीवरून घसरत उतारावर पालथी पडली. डोक्यावरून पांढरं काहीतरी नुसतं वाहत होतं. डबे नाहीत, खिडक्या नाहीत. मग तेही संपलं आणि खूप पुढून भोंगा ऐकू आला.

तिने अंग चाचपलं. गुडघे फुटले होते, हात जळत होता. ती होती. गाय नव्हती. गाय होती ती वेगवेगळ्या ठिकाणी होती आणि तिकडे तिने एकदाच पाहिलं.

पलीकडे म्हातारा चार हात मागे सरकला होता, पण अजून तसाच उकिडवा होता. तळवा रुळावरून उचललेला, पण हवेत तसाच पालथा धरलेला. तो तिच्याच दिशेने पाहत होता, पण उतारावर पालथी पडलेली ती त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना धुक्यात दिसत नव्हती. त्याच्या तोंडून हाक फुटतच नव्हती हे तिला तिथून कळलं. ती हातावर जोर देऊन उठली.

“आबा,” ती म्हणाली, “मी आहे.”

तेव्हा म्हातारा मागच्या मागे खडीवर बसला.

गाडी पुढे जाऊन थांबली होती. टोळी धावत आली, त्यात नवरा होता. तो आधी बायकोपाशी गेला, तिचे खांदे धरून पाहिले, मग त्याची नजर सरकवलेल्या जाळीकडे गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळाने साहेब आले. गाईकडे पाहिलं, सुनेच्या हाताकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. ही कुणी उघडली, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं, पण म्हातारा आधी बोलला.

“मी.”

“एकट्याने? बोल्ट कसे निघाले?”

“बोल्ट काढण्यात जन्म गेला, साहेब.”

त्याने टोपी काढून हातात घेतली होती. केस पातळ झालेलं ते डोकं सुनेने उघडं कधी पाहिलं नव्हतं. भोवती टोळीतली माणसं होती, त्यातली दोघं-तिघं एके काळी त्याच्या हाताखाली राबलेली. साहेब त्याच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “बाबा, तुम्हाला तरी कळायला हवं होतं.” टोळीतली माणसं पायांखालची खडी न्याहाळत राहिली. बापाने खोटं बोलून मुलाची रोजंदारी वाचवली होती, आणि ते खोटं गिळणं त्याला भाग होतं. साहेबांनी जाळी बंद करायला सांगितली तेव्हा पाना घेऊन तोच पुढे झाला. त्याने एकेक बोल्ट असा आवळला की लोखंड किरकिरलं. गाईला टोळीनेच शेताच्या कडेला खड्डा खणून पुरलं.

संध्याकाळी नवरा बापाजवळ जाऊन बसला. नव्या रुळाखाली रबर आहे, तो बोलतच नाही, तिथे कुणाचाही हात असता तरी कळलं नसतं, असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. शेजारी आले, तेही हेच म्हणाले. नवा रूळ मुका आहे ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली, आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवायचं कुणाच्याही मनात आलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. ताट समोर ठेवलं की दोन घास खायचा आणि सरकवून द्यायचा.

राहिलेले बटाटे काढायचेच होते. ती हाताला फडकं बांधून भुयारी रस्त्याने जायची. जाताना एका हाताने कुदळ धरायची, येताना पोतं पाठीवर घेऊन चढावर तीनदा टेकायची. घरातलं दूध बंद झालं होतं, दुधावर यायचा तो किराणाही बंद झाला होता. निघताना ती उंबऱ्यावरून म्हणायची, “येते, आबा.”

एका दुपारी तिचा हात पिकला. ती ओट्यावर बसून एकट्याने फडकं सोडवत होती, तर म्हातारा उठून आला. त्याने कोमट पाणी घेतलं, तिचा हात आपल्या मांडीवर ठेवला आणि चिकटलेलं फडकं भिजवत भिजवत अलगद सोडवलं. त्याचा तळवा जाड होता, घट्ट्यांनी भरलेला. काम संपत आलं तेव्हा तो खालीच पाहत म्हणाला,

“बोलला होता.”

“कोण?”

“रूळ. मुका नाही तो. बारीक बोलला होता.”

तिला आधी समजलंच नाही.

“इतका बारीक आवाज म्हणजे गाडी लांब, असं मी धरलं,” तो म्हणाला. “एवढ्या वेळात गाय पलीकडे जाऊन चरायला लागते. जन्मभर तसंच होतं. मी जुन्या गाडीचा वेळ धरला, पोरी. आणि तुला जा म्हणालो.”

तिने हात काढून घेतला. तिला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आला आणि असा आला की कानशिलं तापली. ती खडी, तो वारा, ते डोक्यावरून वाहणारं पांढरं, सगळं पुन्हा अंगावर आलं. कळत होतं आणि तरी पाठवलं. रुळाने सांगितलं होतं आणि तरी.

“तुझ्या नवऱ्याला सांगू नको असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “लोक म्हणतात रूळ मुका. ते ऐकून घेणं मला जमत नाहीये. तुला तरी खरं माहीत असू दे.”

तिने उरलेलं फडकं दातांनी ओढून स्वतःच बांधलं आणि आत निघून गेली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या सकाळी ती न बोलता घराबाहेर पडली. तिसऱ्या सकाळीही तसंच. उंबऱ्यावर क्षणभर पाय अडखळायचा, मग ती कुदळ उचलून चालू लागायची. त्याला ‘येते’ म्हणायचं तिच्या जिभेवर येईना.

गाड्या आता रोज धावू लागल्या होत्या. त्या गेल्या की घरातली भांडी बारीक किणकिणायची. पहिल्या दिवशी लोक जाळीपाशी पाहायला गेले, नंतर कुणी मान वर करेनासं झालं.

शेवटच्या वाफ्याच्या दिवशी ती लवकर उठली. चूल पेटवायला बाहेर आली तर म्हातारा ओट्याच्या दगडावर बसलेला. पाठमोरा, उकिडवा. उजवा तळवा दगडावर पालथा टेकवलेला. ती दारातच थांबली. त्याचे ओठ हलत होते. काही वेळाने टेकाडामागून गाडी आली, जाळीपलीकडून सरकन गेली, आतली भांडी वाजली. म्हाताऱ्याने मान हलवली, तळवा उचलून पाहिला, पुसला आणि पुन्हा टेकवला. पुढच्या गाडीची वाट पाहत.

तो नव्या गाडीचा वेळ शिकत होता. जाळी पक्की बंद होती. तिथून आता जन्मात कुणी ओलांडणार नव्हतं, त्याच्या शब्दावर तर नाहीच. दूध नसलेल्या घरात, रिकाम्या दावणीसमोर, एवढं वय झालेला तो माणूस पहाटे उठून धडा पहिल्यापासून गिरवत होता. तिचा राग गेला असं नाही. पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. किती दिवस हे असं चाललं होतं कुणास ठाऊक.

चहा झाला, भाकरी बांधून झाली. तिने रिकामं पोतं खांद्यावर टाकलं, बऱ्या झालेल्या हातात कुदळ घेतली आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती तिथे थांबली नव्हती.

“आबा,” ती म्हणाली, “जाऊ का?”

हा प्रश्न ती इतकी वर्षं फक्त रुळाकाठी विचारत आली होती. म्हाताऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिची वाट रुळावरून जात नव्हती हे दोघांना माहीत होतं. त्याने तळवा दगडावर टेकवला. मग डावा हात हळूहळू वर गेला आणि तिथेच राहिला.

ती थांबली. तिने पायही हलवला नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घरात एक पेला दुसऱ्याला लागून वाजला, टेकाडामागून गाडी आली आणि गेली. हात वर होता. आवाज पार विरला तरी हात वरच होता. मग तो खाली आला.

त्याचे ओठ नेहमीच्या शब्दासाठी उघडले आणि तो शब्द आला नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग उंबऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“ये,” तो म्हणाला. “सावकाश जाऊन ये.”

“येते,” ती म्हणाली.

जाळीच्या कडेने भुयारी रस्त्याकडे जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. म्हातारा ओट्यावर उभा होता, तिच्याकडे बघत.